कॉफी, कीरै आणि हिमोग्लोबिन

चेन्नईत शिकायला गेलेल्या मुलामुलींचा थकवा लवकर ओळखू येत नाही, कारण त्याचं खापर फोडायला तिथला उकाडा बाराही महिने हजर असतो. दुपारी दोनच्या वर्गात डोळे मिटायला लागले, की हवेला दोष. तारामणी स्टेशनचे जिने चढताना धाप लागली, की दमटपणाला दोष. एकच परिच्छेद तीनदा वाचूनही डोक्यात शिरला नाही, की मग स्वतःलाच दोष. आपण आळशी झालो, आपलं मन लागत नाही, इथली स्पर्धा आपल्याला झेपत नाही. घरी फोनवर सांगावं, तर बाबा म्हणतात मोबाइल कमी कर आणि आई म्हणते नीट जेवत नसशील. या दोघांत आईचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त.

मद्रास विद्यापीठात, अण्णा विद्यापीठात, आयआयटीत किंवा शहरातल्या असंख्य खासगी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना आणि इकडे काळजी करत बसलेल्या त्यांच्या पालकांना सांगायचं ते एवढंच: अभ्यासाचं वेळापत्रक बदलण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. आणि रक्तक्षय निघाला, तर बीट-खजुरावर भागवू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना आणि त्याच वयाच्या मुलग्यांपैकी ३१ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्के, तामिळनाडूचा ५३. म्हणजे नाशिकहून चेन्नईला गेल्याने या बाबतीत फारसं काही बदलत नाही. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर केलेल्या या मोजणीने आकडा फुगतो, असं सांगणारे पोषणतज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण आकडा निम्मा धरला, तरी वर्गातल्या दर तीन-चार मुलींमागे एक उरतेच. मुलग्यांनीही निर्धास्त राहू नये.

शाळेत असताना याची काळजी घेणारी एक यंत्रणा असते. २०१३ पासून सहावी ते बारावीच्या मुलांना आठवड्याला लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी द्यायची योजना आहे. निळी गोळी म्हटलं, की अनेकांना आठवेल. वर्षातून दोनदा जंताची गोळीही मिळते. तामिळनाडू तर शाळेतल्या पोटभर जेवणासाठी देशात नावाजलेलं राज्य. १९८२ पासून दुपारचं जेवण आहे, २०२२ पासून प्राथमिक शाळेत सकाळची न्याहारीही आहे. पण बारावी संपली, की यातलं बहुतेक सगळं थांबतं. वीस वर्षांवरच्या स्त्रियांसाठी साप्ताहिक गोळी कागदोपत्री आहे, पण हॉस्टेलात राहणाऱ्या मुलीपर्यंत ती सहसा पोहोचत नाही. घर सुटतं, सरकारी गोळी सुटते आणि सकाळची न्याहारीही बहुधा त्याच सुमारास सुटते. सतरा-अठराव्या वर्षी हे सगळं एकदम घडतं आणि त्यावर लक्ष ठेवणारं कुणी नसतं.

लक्षणं कोणती, असं विचारलं तर लोक फिकट चेहरा सांगतात. सावळ्या त्वचेवर फिकेपणा कळत नाही. खालची पापणी ओढून आतला भाग पाहावा, हाताच्या तळव्यांवरच्या रेषा पाहाव्यात. त्याहून जास्त सांगून जातात त्या सवयी. जिन्यात मध्येच थांबावं लागणं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, केस मूठमूठ गळणं, रात्री अंथरुणात पाय सारखे हलवावेसे वाटणं. आणि एक लक्षण मुली कुणाला सांगत नाहीत: कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ चघळावासा वाटणं. लोह कमी असलं की अशी वखवख लागू शकते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, निदानाला मदत होते.

अभ्यासाशी याचा संबंध काय, हे नीट समजून घ्यायला हवं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेलो असतानाही आपण घेतलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. तो ऑक्सिजन पोहोचवतं हिमोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनच्या मुळाशी असतं लोह. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. लक्ष टिकवण्यासाठी आणि एखादी गोष्ट करावीशी वाटण्यासाठी लागणारं डोपामिन तयार करायलाही लोह लागतं. त्यामुळे हिमोग्लोबिन अजून घसरलेलं नसतानाही, शरीरातला लोहाचा साठा आटला असेल तर डोकं मंदावू शकतं. १९९६ साली अमेरिकेत बाल्टिमोर इथे रक्तक्षय नसलेल्या, पण लोहाचा साठा कमी असलेल्या शाळकरी मुलींना आठ आठवडे लोह दिलं गेलं. शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत त्या इतर मुलींपेक्षा सरस ठरल्या. २००७ साली पेनसिल्व्हेनियात १८ ते ३५ वयाच्या तरुणींवर १६ आठवड्यांचा असाच अभ्यास झाला. ज्यांचा साठा भरून आला, त्यांची अवधान, स्मरण आणि शिकण्याच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारली. ज्यांचं हिमोग्लोबिन वाढलं, त्यांचा काम उरकण्याचा वेग वाढला.

आणि आपल्याकडचा पुरावा तर चक्क भाकरीचा आहे. धनशक्ती नावाचं जास्त लोह असलेलं बाजरीचं वाण महाराष्ट्रात आलं. त्या बाजरीची भाकरी अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या १२ ते १६ वयाच्या शाळकरी मुलामुलींना रोज दोन वेळा देऊन पाहिली गेली. साध्या बाजरीची भाकरी खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा लोहाचा साठा सुधारला. सहा महिन्यांनंतर घेतलेल्या चाचण्यांत त्यांचं अवधान आणि स्मरणशक्तीही सुधारल्याचं दिसलं. हा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसती भाकरी.

तरी एक सांगून ठेवतो. यातल्या कुठल्याही अभ्यासाने सीजीपीए मोजलेला नाही. लोह घेतलं म्हणून गणित येणार नाही. फक्त गणिताला बसल्यावर तासभर बसवेल.

आता तपासणी. उपाशीपोटी जावं लागत नाही. सीबीसी नावाची रक्ताची साधी तपासणी करायची असते आणि परवडत असेल तर तिच्याबरोबर सीरम फेरिटिन. महापालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन मोफत पाहतात. बहुतेक मोठ्या कॅम्पसवर आरोग्य केंद्र असतंच. हिंदी-इंग्रजीने अडलं, तर दोन तमिळ शब्द पुरतात: ‘रत्त सोगै’ म्हणजे रक्तक्षय आणि ‘इरुंबुच्चत्तु मात्तिरै’ म्हणजे लोहाची गोळी.

अहवाल हातात आला, की नुसतं ‘नॉर्मल का?’ विचारून मोकळं होऊ नका, स्वतः वाचा. गरोदर नसलेल्या स्त्रीला हिमोग्लोबिन १२ ग्रॅम आणि पुरुषाला १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ आहे. म्हणजे १२.६ असलेला मुलगा रक्तक्षयीच, भले तो रोज फुटबॉल खेळत असो. आठच्या खाली आकडा असेल तर तो तीव्र रक्तक्षय. तिथे घरगुती उपाय आणि दुकानातून आणलेल्या गोळ्या हा विषयच बाद, सरळ डॉक्टर.

पुढचा आकडा एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो ८० च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी, १०० च्या वर असेल तर ब१२ किंवा फोलेट कमी. दोन्ही एकदम कमी असतील, तर सरासरी मधोमध येऊन अहवाल साळसूद दिसतो. आपल्या शाकाहारी घरांत हे विरळ नाही. तेव्हा आरडीडब्ल्यू हा आकडा वाढलेला दिसतो, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. मात्र ताप किंवा संसर्ग चालू असताना फेरिटिन खोटं वाढतं, त्यामुळे डेंग्यूतून उठल्या उठल्या केलेली तपासणी विश्वासाची नाही.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती महत्त्वाची आहे. एमसीव्ही खूप कमी, पण तांबड्या पेशींची संख्या भरपूर, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यावी. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागा. ६६ भागिले ५.६ म्हणजे ११.८. उत्तर १३ पेक्षा कमी आलं, तर हिमोग्लोबिन ए२ ची तपासणी करून घ्यायला डॉक्टरांना सांगा. या मंडळींना लोहाच्या गोळ्यांचा उपयोग नसतो, तरी वर्षानुवर्षं त्या खाणारी माणसं आहेत. हा आजार नव्हे, वाहक असणं आहे. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून विशीतच माहीत असलेलं बरं. विदर्भातून किंवा नंदुरबारकडून आलेल्यांनी याच वेळी सिकलसेलचीही तपासणी करून घ्यावी.

ब१२ आणि फोलेटचा उल्लेख आलाच आहे, तर त्या गोष्टीत मुंबई आणि चेन्नई दोन्ही आहेत. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना मोठ्या पेशींचा एक जीवघेणा रक्तक्षय का होतो, याचा ती शोध घेत होती. रोग जंतूंचा नसून पोटात काय जातं याचा आहे, हे तिच्या ध्यानात आलं आणि मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन तिने बायका बऱ्या केल्या. ते निष्कर्ष १९३१ साली छापून आले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ती मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयात काम करत होती. ट्रिप्लिकेनमधलं आजचं सरकारी कस्तुरबा गांधी रुग्णालय ते हेच, मद्रास विद्यापीठाच्या चेपॉक कॅम्पसपासून जवळच. तिने ओळखलेला घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, तेच फॉलिक आम्ल.

ब१२ ची गोष्ट पुण्यातली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये ब१२ कमी निघालं. वनस्पतीत ब१२ नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मांस एवढेच त्याचे मार्ग. शाकाहारी असाल आणि हॉस्टेलचं दूध आवडत नाही म्हणून सोडलं असेल, तर ब१२ तपासाच. हातापायाला मुंग्या येत असतील तर विलंब नको, कारण हे नसांवर जातं. लोहाच्या गोळीने ते भरून निघत नाही.

आता ताटाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं. आकडा मोठा दिसतो, कारण धान्य-डाळींतल्या लोहापैकी शंभरातले पाच ते आठ भागच शरीरात शिरतात. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. बाजरीत सहाच्या वर, ज्वारीत आणि गव्हाच्या कणकेत चारच्या आसपास. भाकरी-पोळी सोडून तीन वेळा भात आणि तांदळाचीच इडली खाल्ली, तर काय होतं ते यावरून कळेल. सांबारातली डाळ थोडं सावरते, पण हॉस्टेलचं सांबार किती दाट असतं ते खाणाऱ्यांना माहीत.

आधी भ्रम बाजूला करू. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवत नाही, १०० ग्रॅममध्ये लोह एक मिलिग्रॅमच्या आत. डाळिंबात अर्ध्याहूनही कमी. गुळाचा खडा म्हणजे दहा ग्रॅम, लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. आजीने डब्यात भरून दिलेले अळिवाचे लाडू मात्र जरूर खा. अळिवात आणि तिळात खरोखरच लोह भरपूर असतं.

चेन्नई या बाबतीत गरीब शहर नाही, फक्त काय मागायचं ते माहीत हवं. कोयंबेडूच्या बाजारापासून गल्लीतल्या हातगाडीपर्यंत सगळीकडे कीरै, म्हणजे पालेभाजी, जुड्या-जुड्यांनी मिळते. अरै कीरै, सिरु कीरै ही माठाची भावंडं. मुरुंगै कीरै म्हणजे आपल्या शेवग्याचा पाला, त्यात पालकाहून लोह जास्त. साध्या मेसमध्येही कीरै मसियल किंवा कूटू होतं. ते ज्या दिवशी असेल त्या दिवशी दोनदा घ्या. फोलेटही त्यातूनच मिळतं. उन्हाळ्यात रस्त्याकडेला मातीच्या मडक्यांतून कंबु कूळ विकतात. ती बाजरीची आंबीलच, सोबत छोटे कांदे आणि ताकातल्या मिरच्या. आंबवल्यामुळे लोह अडवणारं फायटेट कमी होतं, म्हणून ती भाकरीपेक्षा कमी समजू नये. फक्त पाणी कसलं वापरलंय ते पाहून घ्या. रागीचं कौतुक कॅल्शियमसाठी करा, लोहासाठी बाजरीच खरी.

आणि मरीना. तिथे संध्याकाळी विकतात ते ‘तेंगा मांगा पट्टाणी सुंडल’: उकडलेले वाटाणे, ओलं खोबरं आणि कैरीचे तुकडे. कुठल्याही आहारतज्ज्ञाने मुद्दाम बसून बेत आखला असता, तर त्याहून फार वेगळं काही सुचलं नसतं. वाटाण्यात लोह आणि कैरीत ते शोषायला मदत करणारं क जीवनसत्त्व. हरभऱ्याचं सुंडलही तितकंच चांगलं.

क जीवनसत्त्वाने धान्य-भाज्यांतल्या लोहाचं शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं, पण ते त्याच जेवणात हवं. सकाळचा पेरू दुपारच्या कीरैच्या कामाचा नाही. पेरू आणि आवळा यांत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त क जीवनसत्त्व असतं, लिंबाची फोड त्यापुढे किरकोळ. तिखट-मीठ लावलेला पेरू जेवणानंतर लगेच खा. आवळ्याला तिथे नेल्लिक्काय म्हणतात, तो कुठेही मिळतो. मांसाहारी असाल तर प्रश्न सोपा. मासे-मांसातलं लोह चांगलं शोषलं जातं आणि सोबतच्या भाताडाळीतलंही थोडं जास्त ओढून आणतं. आठवड्यातून दोनदा मीन कुळंबू आणि कधीतरी बकऱ्याची किंवा कोंबडीची कलेजी, एवढंही पुष्कळ.

उरली कॉफी. चेन्नईत राहून फिल्टर कॉफी सोडा, असं सांगणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. वेळ मात्र बदला. १९८३ साली झालेल्या एका अभ्यासात जेवणाबरोबर घेतलेल्या कपभर कॉफीने लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने ६४ टक्क्यांनी. गंमत पुढेच आहे: जेवणानंतर तासाभराने घेतलेली कॉफीही तितकीच नडली, पण जेवणाआधी तासभर घेतलेली अजिबात नडली नाही. तेव्हा सकाळी उठल्यावर डबरा-टंबलर हातात घ्या आणि इडलीला तासाभराने बसा. जेवण झाल्यावर दोन तास कॉफी-चहा नको. दुपारी चारची कॉफी बिनघोर घ्या.

ताकदह्याला मात्र व्हिलन ठरवू नका. कॅल्शियम लोहाला थोडं अडवतं हे खरं, पण दहीभात शाकाहाऱ्याचा ब१२ चा मोठा आधार आहे. दुपारी कीरै आणि पेरू, रात्री दहीभात, अशी वाटणी केली की दोन्ही साधतं. खोलीवर स्वयंपाक करणाऱ्यांनी मीठ आयोडिनसोबत लोह घातलेलं घ्यावं, पिठाच्या पाकिटावर निळं ‘प्लस एफ’ चिन्ह पाहावं आणि दोशाला लोखंडी तवा वापरावा.

एवढं सगळं सांगितल्यावर आता कडू घोट. रक्तक्षय एकदा झाला, की नुसत्या आहाराने तो भरून यायला फार काळ लागतो, बहुतेकांचा येतच नाही. तिथे गोळीच लागते. गोळीच्या वेष्टनावर मूलभूत लोह किती ते वाचा, साधारण ६० मिलिग्रॅम असावं. महागड्या सिरपांच्या जाहिरातींना भुलू नका. सरकारी केंद्रात मोफत मिळणारी किंवा जनऔषधी दुकानातली साधी फेरस सल्फेटची गोळी तेच काम करते. रोज किती घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली, की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढचे साधारण चोवीस तास लोह शोषू देत नाही, हे स्वित्झर्लंडमधल्या तरुणींवरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून अनेक डॉक्टर आता सौम्य रक्तक्षयाला एक दिवसाआड गोळी देतात. मळमळही त्याने कमी होते.

गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. दूध, कॉफी, कॅल्शियमची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं औषध यांच्यापासून दोन तास लांब ठेवा. रिकाम्या पोटी सोसवत नसेल तर जेवणानंतर घ्या. घेतलेली गोळी, न घेतलेल्या आदर्श गोळीपेक्षा केव्हाही बरी. शौच काळी होईल, घाबरू नका. बद्धकोष्ठ झाला तर पाणी आणि फळं वाढवा, आणि तरीही त्रास राहिला तर औषध बदलून मागा, बंद करू नका. महिनाभरात हिमोग्लोबिन साधारण एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही, तर एक तर गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत, नाही तर निदान चुकलं आहे. बरं वाटू लागलं आणि आकडा बारावर गेला, की गोळ्या थांबवण्याची चूक बहुतेक जण करतात. आकडा भरल्यानंतर आणखी तीन महिने घेतल्या, तरच साठा भरतो. नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

रक्त कुठून जातं आहे, हा प्रश्नही विचारायला हवा. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेलं तर २० मिलिग्रॅम गेलं, हे नेहमीचं. पण दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, गाठी जात असतील, पाळी सातपेक्षा जास्त दिवस चालत असेल, तर ते ‘आमच्याकडे सगळ्यांना असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मुलग्याला रक्तक्षय असेल तर मूळव्याध, पोटातला व्रण, अंकुशकृमी यांपैकी काहीतरी शोधायलाच हवं. वर्षभरात जंताची गोळी घेतली नसेल तर तीही डॉक्टरांना विचारून घ्या. बसल्या जागी धाप, छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, गोळी सुरू नसतानाही काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर थेट रुग्णालय गाठा. सेंट्रल स्टेशनसमोरचं राजीव गांधी सरकारी रुग्णालय, रॉयपेट्टा आणि किल्पॉकची सरकारी रुग्णालयं सगळ्यांसाठी खुली आहेत, तामिळनाडूचं रेशनकार्ड लागत नाही.

रक्तदान शिबिराचाही उपयोग करून घ्या. दात्याचं हिमोग्लोबिन १२.५ लागतं, त्यामुळे तिथे ते तपासतातच. तुम्हाला परत पाठवलं तर मैत्रिणींत हसून सोडून देऊ नका, ती फुकटात झालेली तपासणी आहे. आणि रक्त दिलंत, तर ३५० मिलिलिटरबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं, ते भरून काढायला काही महिने लागतात. मुलींनी चार महिन्यांच्या आत पुन्हा देऊ नये.

हे सगळं परीक्षेच्या महिन्यात सुरू करून उपयोग नाही. नोव्हेंबरच्या सेमिस्टरसाठी तपासणी जुलैत व्हायला हवी, एप्रिलच्या परीक्षेसाठी डिसेंबरात, घरी सुट्टीला आल्यावर. पालकांनी मुलगी सुट्टीला आली, की श्रीखंडाआधी सीबीसीचं बघावं.

आणि तुम्ही हॉस्टेलात असाल, तर मेस कमिटीच्या पुढच्या बैठकीला एकदा जाऊन बसा. आठवड्यातून तीन दिवस कीरै, दोन दिवस सुंडल, दुपारच्या ताटात पेरूची फोड आणि सकाळची कॉफी न्याहारीच्या तासभर आधी, एवढ्या चार गोष्टी मागा. खर्च फारसा वाढत नाही, आणि मागितल्याशिवाय कुठल्याही मेसमध्ये काही बदलत नाही.